मुदतीचा नवस

वैशाखऱ्यात वेशीपासून शाळेपर्यंत ज्याच्यावर कुणी हात उगारत नसे असा एकच जीव होता, आणि तो बोकड होता. देवीच्या नावाने सोडलेला. काळा, दाढीवाला, आणि वारं फिरलं की दिसण्याआधी वासाने कळणारा. लोक त्याला सरकार म्हणत. सरकार कुणाच्याही अंगणात शिरे, वाळत घातलेले पापड खाई. एकदा तर पंचायतीच्या फळ्यावरची ग्रामसभेची नोटीस त्याने खाल्ली आणि त्या महिन्यात ग्रामसभा झाली नाही. देवीचा माल, मारला तर पाप. नुसता हाकलला तर किती पाप, याबद्दल गावात दोन मतं होती.

असा सोडलेला बोकड फार तर वर्षभर हिंडतो, मग देवीला पोचतो आणि गाव जेवतं. सरकार सहा वर्षं हिंडत होता. त्याला कारण वत्सला.

सहा वर्षांपूर्वी वत्सलाच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा निघण्याआधी ती देवळात गेली. देऊळ म्हणजे गावाबाहेर घाटाकडे तोंड करून बसवलेली शेंदराची शिळा आणि वर पत्रा. पुजारी कुंडलिक. कुंडलिक तरुणपणी कचेरीत शिपाई होता आणि देवीचा कारभारही त्याने त्याच शिस्तीत ठेवला होता.

"मोघम बोलू नको," तो वत्सलाला म्हणाला. "देवीला मोघम चालत नाय. काय पायजे, कवापरत पायजे, आन बदल्यात काय देणार, तिन्ही सांग."

वत्सलाची एकुलती एक मुलगी कुणाली तेव्हा एकवीस वर्षांची, शिकत होती. तिचं लग्न म्हणजे लांबची गोष्ट. वत्सला घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सुचतं ते ती बोलली. कुणालीचं लग्न होईपर्यंत मला ठेव, लग्नात बोकड देईन. कुंडलिकने मान हलवली, तिने बरोबर आणलेल्या करडाच्या कपाळाला शेंदूर लावला आणि दोर सोडला.

बोललेला नवस बदलता येत नाही आणि फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो. बोकड लग्नात पडणार एवढं गावाला ठाऊक होतं. त्या बोकडाबरोबर वत्सलाचीही मुदत बांधलेली आहे हे तिला, कुंडलिकला आणि देवीला, तिघांनाच ठाऊक. बरी झाल्यावर तिला पुष्कळदा वाटलं की आपण घाई केली. चार शब्द जास्त बोलले असते तर नातवंडाचं बारसंही पदरात पडलं असतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

ऑपरेशनात डावी बाजू सपाट झाली. केस गेले, पुन्हा आले, पहिल्यापेक्षा दाट आले. पुढच्या पावसाळ्यात ती लावणीला उतरली तेव्हा ब्लाउजच्या त्या बाजूला तिने कापूस भरला. पण लावणी म्हणजे दिवसभर वाकून काम, आणि भिजलेला कापूस कुठे थांबेल याचा नेम नाही. दुपारपर्यंत तो खांद्याशी पोचलेला असे. मग तिने डोकं चालवलं. फडक्याची पिशवी शिवली आणि तिच्यात वाल भरले. मुरबाडचा वाल, वजनाला चांगला. पिशवी जागच्या जागी बसली आणि वत्सला स्वतःवर खूश झाली.

तीन दिवस पावसात, चिखलात लावणी झाली. चौथ्या दिवशी पिशवी आवळायला लागली. घरी येऊन उसवली तर वालांना बोटबोट मोड आले होते. वाल भिजवून फडक्यात बांधून उबेला ठेवले की मोड येतात, हे ती लग्न होऊन आल्यापासून करत होती. सगळ्या गावाला बिरडं खाऊ घालणाऱ्या बाईला नेमकं तेवढं आठवलं नाही. तिने ते वाल कोंबड्यांना टाकले. शेजारच्या ओट्यावरून तिची जाऊ गिरजा हे बघत होती. गिरजाने बघितलं म्हणजे टोकावड्यापर्यंत कळलं.

पुढच्या तपासणीला वत्सलाने डॉक्टरांना सरळ विचारलं की ही जागा भरून निघेल असं तुमच्याकडे काही आहे का, ज्याला मोड येणार नाहीत. डॉक्टरबाई आधी हसल्या आणि मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिनीसकट वर न्यायची, आणि तिचा स्तन घडवायचा. वत्सलाचा नवरा कमळाकर चित्राकडे बघत राहिला. त्याला काही बोलायचं असलं की तो आधी तंबाखू मळायला घेई, आणि तंबाखू मळून होईपर्यंत विषय निघून गेलेला असे. तसाच तो त्याही दिवशी निघून गेला, आणि वत्सलाने सही केली.

या वयात कुणाला दाखवायचंय, असं गावाने विचारलं. गिरजा म्हणाली, भिंत बांधायला गेली आणि ओटाही सारवून आली. कारण पोट सपाट झालं होतं. नव्या स्तनाला वत्सला नवी म्हणे. नवी ऊन लागो, थंडी लागो, काही सांगत नसे. डोळा नसलेल्या नारळासारखी गुळगुळीत. पुढे त्यावर बोंडही गोंदून देता येतं असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, तर वत्सला म्हणाली की तिला डोळा कशाला, तिला कुठे बघायला जायचंय. पण लावणीच्या रांगेत वाकताना दोन्ही बाजू सारख्या लोंबत, पदर सारखा बसे, आणि कुणीही बघितलं तरी वत्सला वत्सलाच दिसे. तिला तेवढंच हवं होतं. ती सुखात होती, आणि सुखात असलेलं माणूस मुदतीचा विचार करतं.

कुणाली शिकून शहापूरला एका लॅबमध्ये लागली. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, कागद द्यायचा. तिथेच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. स्थळं यायला लागली. आणि वत्सला, जिने गावातल्या निम्म्या मुलींची लग्नं जुळवली होती, तिला एकही मुलगा पसंत पडेना. कल्याणचा मुलगा तिसऱ्या मजल्यावर राहत होता. वत्सला म्हणाली, पाय जमिनीला लागत नाहीत अशा घरात मुलगी देऊ नये. सरळगावच्या मुलाची आई फार हसायची. एकाची पत्रिका इतकी जुळली की वत्सलाला संशय आला. मग कुणालीनेच मध्यस्थ घालून खर्डीचा शेखर आणला. हायवेवरच्या गोदामात कामाला, स्वभावाने मऊ, घरची भातशेती. वत्सलाने त्याला चहा दिला, पोहे दिले, आणि तो गेल्यावर म्हणाली, "कान बघितलेस का? वारं सुटलं तर पोरगा खर्डीवरून कसाऱ्याला जाईल."

कुणाली त्या दिवशी काही बोलली नाही. संध्याकाळच्या एसटीने शहापूरला गेली. ती अशी गप्प जाते तेव्हा तिच्या मनात काहीतरी पक्कं झालेलं असतं, हे वत्सलाला कळायला हवं होतं. पण ती सरकारला भाकरी घालत होती. दर स्थळ मोडलं की ती त्याला एक भाकरी जास्त घाली. दोघांनाही तेवढेच दिवस मिळाले, असा तिचा हिशोब होता.

मार्गशीर्षात, झोडणी संपली त्या दिवशी, अंगाला भाताची कुसळं लागली म्हणून ती न्हाणीत घासून अंघोळ करत होती. नवीच्या वरच्या शिवणीवर बोटाला कणी लागली. तुटक्या तांदळाची असते तेवढी. तिने ती धुतली. पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा साबण लावला. कणी कातडीच्या वर नव्हती, आत होती.

वत्सला पाटावर बसून राहिली. तिला भीती वाटली. मग तिने अंग पुसलं, लुगडं नेसली आणि भाकऱ्या थापायला बसली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिच्या मते हे सरळ होतं. पोरगी सत्तावीसची झाली, स्थळांचा तगादा लागला, म्हणजे मुदत जवळ आली, आणि देवीने तयारीला सुरुवात केली. यावर उपाय एकच, लग्न होऊ न देणं. पौषातली वर्षाची तपासणी तिने अजून पेंढा रचायचा आहे असं सांगून टाळली. पेंढा तेव्हा रचून पंधरा दिवस झाले होते.

कणीचा तांदूळ झाला. तांदळाचा सालासकट भाताचा दाणा झाला. वत्सला रोज न्हाणीत माप घेई. याच दिवसांत मुरबाडचा एक शिक्षक मुलगा आला, सुयोग नावाचा. उंच, निर्व्यसनी, आईवडलांना मान देणारा, आणि कान डोक्याला चिकटलेले. गिरजासुद्धा नाव ठेवू शकली नाही. वत्सला रात्रभर जागी राहिली आणि सकाळी म्हणाली, "जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला नाय त्यानं. असली माणसं मनात ठेवतात."

त्या दिवशी कमळाकरने तंबाखू मळायला घेतली नाही. त्याने सरळ फोन उचलला आणि कुणालीला सांगितलं की रविवारी ये आणि तुझ्या आईला काय झालंय ते बघ, मला वाटतं डोक्यावर परिणाम झालाय.

रविवारी कुणाली आली तेव्हा वत्सला वालाच्या शेतात होती. भात काढलेल्या शेतात वाल वाळले होते, शेंगा तोडायचं काम चालू होतं. सरकार बांधाच्या कडेने खात येत होता आणि दोघींपैकी कुणी त्याला काही म्हणत नव्हतं. कुणाली बाजूच्या ओळीला वाकली आणि तोडायला लागली. दोन वाफे झाल्यावर तिने विचारलं की आई, तुला माझं लग्न नको आहे का. वत्सला म्हणाली, हवं आहे, पण आत्ता नको. मग कधी, तर होईल तेव्हा होईल. कुणाली म्हणाली की आज खरं सांगितल्याशिवाय मी जाणार नाही, उद्याची रजा टाकून आलेय.

वत्सला थकली होती. तीन महिने एकटीने माप घेत होती. नवस सांगायचा नसतो हे ठाऊक असून तिने तो सांगितला, देवळात बोलली होती त्याच शब्दांत. सांगताना तिने मान वर केली नाही, हात चालू ठेवला. शेंगा पाटीत पडत राहिल्या.

कुणालीचा हात मात्र थांबला.

"आई," ती म्हणाली, "तुझी मुदत संपलेय. माझं लगीन झालंय."

"कवा?"

"गेल्या मे महिन्यात. दोन तारखेला. ठाण्याला, रजिस्टर."

ठाण्याच्या कचेरीत फळ्यावर महिनाभर रीतसर नोटीस लागली होती. पण तिथे सरकार नव्हता आणि वैशाखऱ्याचं दुसरं कुणीही नव्हतं, त्यामुळे ती कुणी वाचली नाही की खाल्ली नाही. वत्सलाने शेंगांची मूठ पाटीत टाकली.

"कुणाशी?"

"शेखरशी."

"कानवाल्याशी?"

"हो," कुणाली म्हणाली. "तू कवा हो बोलतेस त्याची वाट बघत होतो आमी. तो खर्डीला, मी शहापूरला. दहा महिने झाले."

वत्सला बांधावर बसली. रागवायचं तर पुष्कळ होतं, पण आधी तिने बोटांवर महिने मोजले. मे, जून, जुलै. जूनमध्ये पेरणी. जुलैत लावणी, त्या वर्षी सगळ्यांच्या आधी तिची लावणी उरकली होती. गौरी आल्या, तिने फुगडी घातली होती, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत तीच एकटी. दिवाळी, कापणी, झोडणी. हे सगळं मुदत संपल्यानंतरचं. या सात महिन्यांत तिला कुणी राखलेलं नव्हतं. देवीचं काम दोन मेलाच संपलं होतं. कुणाच्याही भरवशाशिवाय ती जगली होती, आणि चांगली जगली होती, आणि तिला पत्ता नव्हता.

कुणाली म्हणत होती की बघ, काही झालं का तुला, उगाच भीत होतीस. मग बोलता बोलता ती थांबली. सहा वर्षं गप्प बसलेली बाई आज नवस सांगायला का बसली, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या ध्यानात आलं.

वत्सलाने पाटीतली एक शेंग घेतली, सोलली, आणि वालाचा दाणा कुणालीच्या हातावर ठेवला.

"येवढं झालंय," ती म्हणाली. "शिवणीवर. डिसेंबरात कणी होती."

कुणालीने हाताकडे बघितलं. रोज पन्नास माणसांचे कागद ती कोऱ्या चेहऱ्याने देत असे, तसा चेहरा ठेवायचा तिने प्रयत्न केला आणि तिला तो जमला नाही. पण तो दाणा तिने पाटीत टाकला नाही. ड्रेसच्या खिशात ठेवला आणि शेखरला फोन लावला.

शेखर दुसऱ्या दिवशी पहाटे गोदामातल्या कुणाचीतरी गाडी घेऊन आला. मुरबाड, कल्याण, मुंबई, तीन तास वत्सला मागे बसून त्याच्या कानांकडे बघत होती. दुसरं बघायला काही नव्हतं. बाजूला कमळाकर होता. त्याला आदल्या संध्याकाळी लग्न आणि गाठ दोन्ही एकदम सांगण्यात आलं होतं आणि तो अजून तंबाखूच मळत होता. कल्याण सोडल्यावर वत्सला पुढे बसलेल्या कुणालीच्या कानात म्हणाली की मला जरा जायचंय. ती इतकं हळू बोलली होती की कुणालीलाही नीट कळलं नाही. शेखरने न विचारता पुढच्या पंपावर गाडी घेतली. कान मोठे असले तर ऐकूही येत असावं, असं वत्सलाच्या मनात आलं. पण एवढ्यात कौतुक नको म्हणून ती काही बोलली नाही.

हॉस्पिटलात सुई घातली, फोटो काढले, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. डॉक्टरबाई त्याच, आता चष्मा लागलेला. परत आला आहे, असं त्या म्हणाल्या. शिवणीवरची गाठ काढावी लागेल, आणि तिच्याबरोबर नवा स्तनही काढावा लागेल, सगळा. मग पुन्हा औषधं. बाकी अंगात कुठे दिसत नाही, पण पाठीच्या हाडात एका जागी शंका आहे, त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

"सगळी काढणार," वत्सला म्हणाली. "मंग ती परत पोटाला लावता येल का?"

डॉक्टर म्हणाल्या, नाही येणार.

कमळाकरने घसा साफ केला. तो पहिल्यांदाच त्या खोलीत बोलत होता. किती मुदत धरायची, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. तसं सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. काहींना खूप वर्षं मिळतात. काहींना नाही. आपण उपचार करू आणि बघत जाऊ. या बाईंचा कुंडलिकच्या देवळात निभाव लागला नसता, असं वत्सलाला वाटलं.

मग ती बायकांच्या बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि पदराखाली हात घालून नवीवर ठेवला. नवीला काही कळत नव्हतं. हाताला तेवढं कळत होतं. वत्सला रडली. पहिली गेली तेव्हा ती इतकी रडली नव्हती. पहिली देवाने दिली होती आणि रोगाने नेली, त्यात तिला कुणी विचारलं नव्हतं. ही तिने मागून घेतली होती, स्वतःच्या पोटाची, सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. वत्सलाने नाक शिंकरलं, नळ मोठा सोडला आणि बाहेर आली.

गावात बातमी त्यांच्या गाडीच्या आधी पोचली. कमळाकर त्याच संध्याकाळी कुंडलिककडे गेला. कुंडलिकने लग्नाची तारीख विचारली, भिंतीवर अजून टांगलेलं गेल्या सालचं कॅलेंडर पालटलं आणि निर्णय दिला. बोकड दोन मेला देय झाला होता. दहा महिने थकला. देवी कोपली आणि रोग परत पाठवला, यात शंकेला जागा नाही. ऑपरेशनच्या आधी बोकड पडला तर काही करता येईल. गावाला हे पटलं. कमळाकरलाही पटलं, कारण दुसरं काही करण्यासारखं त्याच्या हातात नव्हतं, आणि बोकड निदान धरता येत होता. कुणाली फोनवर संतापली. वत्सला हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दुपारी गिरजा ओटा उतरून आली. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती रिकाम्या हाताने आली नव्हती. तिने कमरेला खोचलेली पिशवी काढून वत्सलाच्या मांडीवर ठेवली. पांढऱ्या मांजरपाटाची, गोल, दुहेरी शिवलेली, आत वाल.

"चांगले भाजून भरलेत," गिरजा म्हणाली. "मोड येणार नायत."

वत्सलाने पिशवी हातावर तोलली. वजन बरोबर होतं. गिरजाने इतक्या वर्षांत किती नीट बघून ठेवलं होतं हे तिला तेव्हा कळलं. गिरजा निघताना म्हणाली की जास्त झाले तर चार काढ, कमी झाले तर सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा वत्सलाने ती देवळाशी थांबवायला सांगितली. तिथे सगळी तयारी होती. सरकारला आंघोळ घातली होती, त्यामुळे तो निम्माच दिसत होता. गळ्यात हार होता आणि तो हार खात होता. गावात बकरी कापणारा राघो सुरीला धार लावून बाजूला बसला होता. कमळाकर पहाटेच येऊन दोर धरून उभा होता. दोराला ताण नव्हता. सहा वर्षं ज्याला कुणी मारलं नाही ते जनावर कुणाला भीत नव्हतं.

वत्सला गाडीतून उतरली. चपला काढल्या, शिळेपुढे उभी राहिली. कुंडलिक जवळ आला, कारण देवीपुढे कुणी काही बोलणार असेल तर ते ऐकणं त्याचं काम होतं. कुणाली आणि शेखर गाडीशीच थांबले.

वत्सला घाबरली होती. पहिल्या वेळेपेक्षा जास्त, कारण आता पुढचं सगळं माहीत होतं. पण या वेळी तिने पहिलं सुचलं ते बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रात्रभर शब्द लावून ठेवले होते.

"मुदत संपून वरीस होत आलं," ती देवीला म्हणाली. "तवापासून ह्यो पण हिंडतोय, मी पण हिंडते. तू काय बोलली नायस. आता पण काय बोलू नको."

तिने मागे वळून कमळाकरच्या हातातला दोर घेतला आणि सरकारच्या गळ्यातून काढला. कमळाकरने तो सहज सोडला. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. राघोने सुरीकडे आणि मग कुंडलिककडे बघितलं. कुंडलिक पुढे झाला. त्याचं म्हणणं असं की नवस मोडता येत नाही, फार तर लांबवता येतो, आणि लांबवायचा तर पुन्हा तिन्ही गोष्टी लागतील.

"काय पायजे ते समजलं," तो म्हणाला. "बोकड हाय. पण कवापरत? मी देवीला काय सांगू?"

वत्सलाने चपला घातल्या.

"मोघम राहू दे," ती म्हणाली.

गाडीचं दार शेखरने उघडून धरलं होतं. बसताना तिने त्याला सांगितलं की टोकावड्याला थांबवा, यांची तंबाखू संपलेय. मग गिरजाची पिशवी नीट मांडीवर घेतली. मागे सरकार कुंडलिकच्या ताटातले तांदूळ खात होता आणि कुंडलिक हात जोडून उभा होता.